मणक्याचा दाहक संधिवात, निगेटिव्ह आरए फॅक्टर आणि पॉझिटिव्ह एएनए : याचा मेळ कसा लावायचा?

पावसाळी, मुलुंड

नमस्कार. माझा धाकटा भाऊ २७ वर्षांचा आहे. गेली दोन वर्षे त्याची कंबर दुखते आहे, आणि ते दुखणे नेहमीच्या कंबरदुखीच्या उलट वागते. दिवसभर अंधेरीच्या ऑफिसात बसून आणि लोकलमध्ये उभे राहून संध्याकाळी वाढण्याऐवजी ते पहाटे वाढते. चारच्या सुमारास त्याला जाग येते, उठल्यावर तासभर पाठ आखडलेली असते आणि चालायला लागला की हळूहळू सैल होते. रविवारी पडून राहिला तर सोमवारी त्रास जास्त. आम्ही आधी खुर्चीला दोष दिला, मग गादीला. गेल्या पावसाळ्यात त्याचा उजवा डोळा लाल झाला आणि उजेड सहन होईना, तेव्हा डोळ्यांच्या डॉक्टरांनी थेंब लिहून देताना ‘कंबर दुखते का?’ असे विचारले. त्या एका प्रश्नामुळे आम्ही संधिवाततज्ज्ञांकडे पोहोचलो.

एमआरआयमध्ये दोन्ही एसआय सांध्यांत, म्हणजे कण्याचे खालचे टोक कमरेच्या हाडांना जिथे जोडलेले असते तिथे, हाडाच्या आत सूज दिसली. संधिवाततज्ज्ञांनी ‘अ‍ॅक्सियल स्पॉन्डिलोआर्थरायटिस’ असे निदान लिहिले, दाह कमी करणारी गोळी सुरू केली आणि व्यायामासाठी फिजिओथेरपिस्टकडे पाठवले. इथपर्यंत सगळे समजले. घोळ झाला आहे तो रक्ताच्या अहवालावरून. त्यांच्याकडे जाण्यापूर्वीच आम्ही एका प्रयोगशाळेचे ‘संधिवात पॅकेज’ करून घेतले होते. त्यात आरए फॅक्टर निगेटिव्ह, अँटी-सीसीपी निगेटिव्ह, एएनए पॉझिटिव्ह (१:८०, स्पेकल्ड), एचएलए-बी२७ पॉझिटिव्ह आणि सीआरपी (शरीरातला दाह दाखवणारे रक्तातले प्रथिन) १८ असे निकाल आहेत. आमचे जुने फॅमिली डॉक्टर म्हणतात की आरए फॅक्टर निगेटिव्ह असताना संधिवात कसा म्हणायचा. दुसरीकडे, नात्यातल्या एका काकूंनी एएनए पॉझिटिव्ह म्हणजे ल्युपस (त्वचा, सांधे, मूत्रपिंड अशा अनेक अवयवांना धरणारा ऑटोइम्यून आजार) असे ठामपणे सांगितल्यापासून आईची झोप उडाली आहे. संधिवाततज्ज्ञांनी एएनएच्या आकड्याकडे पाहून ‘याचे काही करायचे नाही’ एवढेच म्हटले. पण बाहेर पंचवीस माणसे बसलेली असताना त्यांना अधिक विचारणे आम्हाला जमले नाही.

हा आजार ऑटोइम्यून आहे असे सगळीकडे वाचायला मिळते, आणि ऑटोइम्यून म्हणजे शरीराने स्वतःविरुद्ध अँटिबॉडी तयार करणे असेच मी आजवर समजत आले. मग या आजाराच्या अँटिबॉडी रक्तात का सापडत नाहीत? जी एकमेव सापडली, ती या आजाराची नसेल तर कशाची आहे? बी२७ हीसुद्धा एक अँटिबॉडीच आहे का? काही महिन्यांनी हे सगळे पॅकेज पुन्हा करून पाहावे का? जाणकारांनी थोडे सविस्तर लिहिले तर मी आईला वाचून दाखवू शकेन.

सूक्ष्मदर्शी, दादर

ताई, मी पॅथॉलॉजिस्ट आहे आणि एएनएच्या काचपट्ट्या पाहणे हे माझे रोजचे काम आहे, म्हणून अहवालापुरते लिहितो. उपचार तुमच्या संधिवाततज्ज्ञांनी ठरवायचे आहेत, आणि तुम्ही दिलेल्या वर्णनावरून ते योग्य दिशेने चालले आहेत असे दिसते.

आरए फॅक्टर ही अँटिबॉडीविरुद्ध तयार झालेली अँटिबॉडी आहे. रक्तातल्या आयजीजी या नेहमीच्या अँटिबॉडीच्या शेपटाकडच्या भागाला ती चिकटते. १९४० मध्ये नॉर्वेतल्या वालर यांनी मेंढीच्या तांबड्या पेशी वापरून ती प्रथम दाखवली आणि १९४८ मध्ये अमेरिकेत रोझ यांनी तेच पुन्हा स्वतंत्रपणे दाखवले, म्हणून जुन्या मंडळींच्या तोंडी अजून ‘रोझ-वालर’ हे नाव असते. हातापायांचे लहान सांधे सुजवणाऱ्या ऱ्हुमॅटॉइड संधिवातात, ज्याला आपल्याकडे बरेच जण आमवात म्हणतात, ती ७० ते ८० टक्के रुग्णांत सापडते. मात्र निरोगी माणसांतही ती सुमारे ५ टक्क्यांत असते, वयाबरोबर हे प्रमाण वाढते, आणि हेपटायटिस सी, क्षयरोग किंवा हृदयाच्या झडपांचा जंतुसंसर्ग असतानाही ती उगवते. अँटी-सीसीपी ही त्याच आजाराची नंतर आलेली आणि बरीच नेमकी चाचणी आहे. ती चांगलीच पॉझिटिव्ह असेल तर ऱ्हुमॅटॉइडबद्दल फारशी शंका उरत नाही.

आता तुमच्या भावाच्या आजाराकडे येऊ. एके काळी अमेरिकेत अँकिलोझिंग स्पॉन्डिलायटिसला, म्हणजे याच आजाराच्या एक्स-रेवर बदल दिसू लागलेल्या रूपाला, ‘ऱ्हुमॅटॉइड स्पॉन्डिलायटिस’ म्हणत, म्हणजे ऱ्हुमॅटॉइडचीच मणक्यात शिरलेली एक तऱ्हा मानत. या रुग्णांच्या रक्तात आरए फॅक्टर सापडत नाही, हे तो आजार वेगळा मानण्याच्या कारणांपैकी एक महत्त्वाचे कारण ठरले. पुढे १९७४ मध्ये इंग्लंडमधल्या लीड्स येथील मोल आणि राइट यांनी सोरायसिसचा संधिवात, आतड्यांच्या दाहाबरोबर येणारा संधिवात आणि जंतुसंसर्गानंतर येणारा संधिवात यांना याच कुटुंबात एकत्र बसवले. त्या कुटुंबाची एक खूणच अशी की आरए फॅक्टर नसतो. थोडक्यात, तुमच्या फॅमिली डॉक्टरांना जे निदानाच्या विरोधात वाटते आहे, ते खरे तर निदानाच्या बाजूने आहे. संधिवात एकच नाही, आणि आरए फॅक्टर त्यातल्या एकाच घराण्याचा आहे.

एएनएबद्दल मला जरा जास्त लिहायचे आहे, कारण या एका चाचणीने मुंबईत जितकी घरे घाबरवली असतील तितकी दुसऱ्या कुठल्या चाचणीने क्वचितच घाबरवली असतील. आम्ही रुग्णाचे सीरम पातळ करून काचपट्टीवरच्या हेप-२ नावाच्या मानवी पेशींवर सोडतो. त्यात पेशीकेंद्राला चिकटणाऱ्या अँटिबॉडी असतील तर चमकणारा रंग घातल्यावर फ्लुओरेसन्स सूक्ष्मदर्शकाखाली केंद्र उजळते. १:८० याचा अर्थ एक भाग सीरम आणि एकूण ८० भाग द्रव इतके पातळ करूनही ती चमक दिसली, आणि अनेक प्रयोगशाळांची सुरुवातच तिथून किंवा १:१०० पासून होते. १९९७ मध्ये अनेक देशांतल्या प्रयोगशाळांनी मिळून निरोगी माणसांचे सीरम तपासले, तेव्हा १:४० ला सुमारे ३२ टक्के, १:८० ला १३ टक्के आणि १:१६० ला ५ टक्के निरोगी माणसे पॉझिटिव्ह निघाली. एखाद्या डब्यातल्या शंभर प्रवाशांचे रक्त घेतले तर १:८० ला बारा-तेरा जण सहज पॉझिटिव्ह येतील, आणि त्यांतल्या बहुतेकांना ल्युपस कधीच होणार नाही. स्त्रियांमध्ये आणि उतारवयात हे प्रमाण आणखी थोडे जास्त असते. ‘स्पेकल्ड’ म्हणजे केंद्रात बारीक ठिपके दिसणे. निरोगी माणसांत सर्वांत जास्त आढळणाऱ्या नमुन्यांपैकी हा एक आहे.

ल्युपसच्या २०१९ च्या आंतरराष्ट्रीय निकषांत एएनए १:८० ही प्रवेशाची अट आहे हे खरे, आणि काकूंनी बहुधा तेच कुठेतरी वाचले असावे. पण ती अट पूर्ण झाली म्हणून निदान होत नाही. त्यानंतर पुरळ, तोंडातले व्रण, लघवीतले प्रथिन, रक्तपेशी घटणे, फुप्फुसाच्या आवरणात पाणी होणे, डीएसडीएनएविरोधी (पेशीतल्या डीएनएविरुद्धच्या) अँटिबॉडी, कॉम्प्लिमेंट ही रक्तातली बचावाची प्रथिने कमी होणे अशा गोष्टींचे गुण मोजावे लागतात. तुमच्या भावाच्या बाबतीत यांपैकी काही असल्याचे तुम्ही लिहिलेले नाही. मणक्याच्या या संधिवाताच्या रुग्णांत एएनएचे प्रमाण साधारण बाकीच्या लोकांइतकेच असते. म्हणून ‘ही कशाची?’ या प्रश्नाला माझे उत्तर असे की, ती बहुधा कशाचीच नाही.

बी२७ ही अँटिबॉडी नाही. आपल्या बहुतेक सर्व पेशींच्या पृष्ठभागावर एचएलए गटाची प्रथिने असतात, पेशीच्या आतल्या प्रथिनांचे तुकडे ती टी-पेशी या बचावाच्या पांढऱ्या पेशींना दाखवतात, आणि बी२७ हा त्यांतला आईवडिलांकडून येणारा एक प्रकार आहे. गैरसमजाला थोडे आम्हीही जबाबदार आहोत, कारण फ्लो सायटोमेट्रीने (पेशींना चमकणारा रंग लावून त्या यंत्रातून मोजण्याच्या पद्धतीने) ही तपासणी करताना ते प्रथिन शोधायला आम्ही प्रयोगशाळेत बनवलेली अँटिबॉडी वापरतो आणि अहवालात पद्धतीच्या रकान्यात तो शब्द छापला जातो. १९७३ मध्ये लंडनमध्ये ब्रुअरटन आणि सहकाऱ्यांना अँकिलोझिंग स्पॉन्डिलायटिसच्या ७५ पैकी ७२ रुग्णांत हा प्रकार सापडला आणि तुलनेच्या ७५ माणसांत फक्त तिघांत. त्याच वर्षी लॉस एंजेलिसच्या गटानेही तसेच दाखवले. त्याआधी या आजारासाठी सांगण्यासारखी रक्ततपासणीच नव्हती.

पॅकेज पुन्हा करू नका. बी२७ जन्मभर बदलत नाही, आणि आरए फॅक्टर, सीसीपी, एएनए पुन्हा केल्याने उपचारात काही बदलणार नाही. सीआरपी मात्र डॉक्टर सांगतील तेव्हा करावी. तीही एकटी विश्वासाची नाही, कारण आजार जागा असतानाही ती पुष्कळ रुग्णांत सामान्य राहते.

गिरगावकर

सूक्ष्मदर्शी यांनी अहवालाबद्दल लिहिलेच आहे. मी या आजाराचा जुना रुग्ण म्हणून एवढेच सांगतो की, अँटिबॉडी या विषयाचा आमच्याशी काहीच संबंध नाही असे मात्र समजू नका. निदानाच्या वेळी त्या फारशा कामाच्या नसतात. पुढे इंजेक्शने सुरू झाली तर त्यांच्याशी गाठ पडू शकते.

ताई, तुमच्या भावाला कदाचित गोळ्या आणि व्यायाम यांवरच चांगला आराम पडेल आणि खालचे काही लागणारही नाही. दाह कमी करणाऱ्या दोन वेगवेगळ्या गोळ्या पुरेशा मात्रेत आणि पुरेसा काळ घेऊनही उपयोग झाला नाही, तर टीएनएफ या दाह वाढवणाऱ्या रेणूला अडवणारी इंजेक्शने सुचवली जातात. त्यांतली इन्फ्लिक्सिमॅब आणि अ‍ॅडालिमुमॅब ही स्वतःच अँटिबॉडी आहेत, कारखान्यात बनवलेल्या. इन्फ्लिक्सिमॅबमध्ये उंदराच्या प्रथिनाचा अंश आहे, अ‍ॅडालिमुमॅब पूर्णपणे मानवी साच्याची आहे; पण शरीराला दोन्ही परकी वाटू शकतात, आणि मग काही रुग्णांत औषधाविरुद्धच अँटिबॉडी तयार होतात. असे झाले की औषध रक्तातून लवकर निघून जाते आणि पहिले काही महिने उत्तम गेल्यावर पहाटेचे आखडणे परत येते. माझ्या बाबतीत अ‍ॅडालिमुमॅबवर हेच झाले. डॉक्टरांनी औषधाची रक्तातली पातळी आणि औषधविरोधी अँटिबॉडी अशी तपासणी करायला लावली, आणि ती महाग असली तरी तिच्यावरून पुढचा निर्णय झाला. पातळी चांगली असूनही त्रास असता तर टीएनएफचा मार्गच माझ्यासाठी चुकीचा ठरला असता. पातळी जवळपास शून्य आणि अँटिबॉडी भरपूर, म्हणजे मार्ग बरोबर होता पण ते विशिष्ट औषध शरीराने नाकारले होते. इटॅनरसेप्ट या औषधाविरुद्धही अँटिबॉडी होतात, परंतु त्या त्याचे काम बंद पाडत नाहीत. माझ्या डोळ्याला मात्र वारंवार त्रास होत असल्याने इटॅनरसेप्टचा विचार झाला नाही. डोळ्यांच्या दाहासाठी अ‍ॅडालिमुमॅबच्या जातीची औषधे अधिक उपयोगी पडतात, आणि तुमच्या भावाचा डोळा एकदा लाल झालेला आहे, तेव्हा ही गोष्ट डॉक्टरांना आठवणीने सांगा.

दुसरी बाब एएनएची. टीएनएफविरोधी औषधांवर असलेल्या बऱ्याच रुग्णांत एएनए नव्याने पॉझिटिव्ह होतो, काहींत डीएसडीएनएविरोधी अँटिबॉडीही दिसतात. त्यांतल्या फार थोड्यांना ताप, पुरळ, छातीत दुखणे असा ल्युपससारखा आजार खरोखर होतो आणि औषध थांबवले की तो बहुधा ओसरतो. म्हणून तुमचा आजचा १:८० चा कागद फेकून देऊ नका, फाइलमध्ये ठेवा. पुढे कधी इंजेक्शन सुरू झाले आणि कुणी हौसेने एएनए करून घाबरवले, तर ‘हा आधीपासूनच होता’ हे दाखवायला तो उपयोगी पडेल. या जुन्या कागदाचा मला दिसणारा एवढाच फायदा.

इंजेक्शनाआधीची खरी महत्त्वाची तपासणी वेगळीच आहे, आणि मुंबईत राहणाऱ्याने ती कधीही टाळू नये. टीएनएफ हा रेणू क्षयाच्या जंतूंना शरीरात कोंडून ठेवणाऱ्या गाठी टिकवतो. तो अडवला की झोपलेला क्षय उठू शकतो. त्यामुळे छातीचा एक्स-रे, झोपलेला क्षय शोधणारी मांटू (त्वचेची) किंवा टीबी गोल्ड (रक्ताची) चाचणी, आणि बरोबर हेपटायटिस बी व सी यांच्या तपासण्या होतात. माझी मांटू पॉझिटिव्ह आली होती, त्यामुळे आधी प्रतिबंधक गोळ्या झाल्या आणि मगच पहिले इंजेक्शन मिळाले. त्या वेळी हा उशीर मला खटकला होता. आमच्या चाळीत क्षयाचे रुग्ण पाहत मी वाढलो, तरी खटकला होता.

खर्चाबद्दल कुणी विचारण्याआधीच लिहितो. डिसेंबर २०१४ मध्ये झायडसने अ‍ॅडालिमुमॅबचा भारतीय बायोसिमिलर (मूळ जैविक औषधाशी जुळणारी दुसऱ्या कंपनीची आवृत्ती) बाजारात आणल्यापासून ही औषधे मध्यमवर्गाच्या निदान विचारकक्षेत तरी आली आहेत. नक्की किंमत आणि कंपन्यांच्या रुग्णसाहाय्य योजना बदलत राहतात, तेव्हा त्या डॉक्टरांच्या दवाखान्यातच विचाराव्यात.

विचारतो_एकदा, बोरिवली

चर्चा चांगली चालली आहे, पण मला एक शंका आहे. या आजाराच्या अँटिबॉडी सापडत नाहीत असे वरच्या दोघांनी गृहीत धरले आहे. सीडी७४ नावाच्या प्रथिनाविरुद्धची अँटिबॉडी स्पॉन्डिलायटिसच्या रुग्णांत सापडते असे मी वाचले आहे, आणि एक व्हिडिओ तर असे सांगतो की क्लेब्सिएला या आतड्यातल्या जंतूविरुद्धच्या अँटिबॉडीच मणक्यावर हल्ला करतात, म्हणून भात, पोळी, बटाटा बंद केले की आजार जातो. माझ्या मेहुण्याने दोन महिने भात सोडला आहे. यात तथ्य किती?

परळचा_जुना

मी परळमध्ये वैद्यकीय विद्यार्थ्यांना अनेक वर्षे प्रतिकारशक्तीचा विषय शिकवला, आता निवृत्त आहे. शंका रास्त आहे, आणि तिचे उत्तर देताना पावसाळी यांचा मूळ प्रश्नही सुटेल असे वाटते. ऑटोइम्यून आजार म्हणजे अँटिबॉडीचाच आजार हे समीकरण आमच्याच पाठ्यपुस्तकांनी रुजवले, कारण अँटिबॉडी मोजायला सोप्या असतात. शरीराच्या बचावात बी-पेशी अँटिबॉडी बनवतात, पण टी-पेशी आणि जन्मजात प्रतिकाराच्या पेशी अँटिबॉडीशिवायही भरपूर दाह घडवू शकतात. मणक्याच्या या संधिवातात मुख्य घडामोड स्नायुबंध आणि कंडरा हाडाला जिथे रुततात तिथे होते. त्या जागी सतत ताण पडतो. तिथल्या पेशी इंटरल्यूकिन-१७ आणि टीएनएफ हे दाहक रेणू सोडतात, आधी दाह होतो आणि नंतर तिथेच नवे हाड वाढते. बी२७ हे प्रथिन टी-पेशींना नेमके काय दाखवते, की ते स्वतःच पेशीत नीट घडी न पडल्यामुळे गोंधळ घालते, की त्याच्या जोड्या जमून वेगळाच संदेश जातो, यावर पन्नास वर्षे वाद चालू आहे. यांपैकी कुठल्याही मतात रक्तात फिरणारी अँटिबॉडी मध्यभागी नाही.

औषधांनी हीच गोष्ट फार स्वच्छ दाखवून दिली आहे. बी-पेशी नाहीशा करणारे रिटक्सिमॅब ऱ्हुमॅटॉइड संधिवातात उपयोगी पडते. अँकिलोझिंग स्पॉन्डिलायटिसमध्ये जर्मनीतल्या एका लहान अभ्यासात, ज्यांना आधी टीएनएफविरोधी औषधाचा उपयोग झाला नव्हता अशा रुग्णांना त्याने फारसा आराम दिला नाही. ऱ्हुमॅटॉइडमध्ये प्रभावी ठरलेली इंटरल्यूकिन-६ विरोधी औषधेही मणक्याच्या या आजारात अपयशी ठरली, आणि मेथोट्रेक्सेटचा पाठीच्या दुखण्यावर परिणाम होत नाही. याउलट इंटरल्यूकिन-१७ ला अडवणारे सेक्युकिनुमॅब इथे चांगले काम करते. ऱ्हुमॅटॉइडमध्ये मात्र त्याची कामगिरी जेमतेमच होती. रोग वेगळा आहे याचा यापेक्षा चांगला पुरावा मला रक्ताच्या कुठल्याही अहवालात दिसत नाही.

आता सीडी७४. एचएलएच्या दुसऱ्या वर्गातल्या प्रथिनांना पेशीच्या आत सोबत करणारी ही साखळी आहे. २०१४ मध्ये हॅनोव्हरच्या गटाने तिच्या एका तुकड्याविरुद्धच्या अँटिबॉडी स्पॉन्डिलोआर्थरायटिसच्या रुग्णांत मोठ्या प्रमाणात असल्याचे प्रसिद्ध केले, तेव्हा आम्हालाही वाटले होते की अखेर या आजाराला स्वतःची अँटिबॉडी मिळाली. पुढे इतरांनी तपासले तेव्हा आयजीजी प्रकारच्या अँटिबॉडी फारशा भेद करणाऱ्या निघाल्या नाहीत. आयजीए प्रकारच्या थोड्या बऱ्या ठरल्या, तरी साध्या दीर्घकाळच्या कंबरदुखीच्या रुग्णांशी त्यांची सरमिसळ होतेच. या आजारात एकूण आयजीएच वाढलेले असू शकते, त्यामुळे तिथेही जपून बोलावे लागते. संशोधनासाठी विषय उत्तम आहे. २७ वर्षांच्या मुलाच्या एमआरआयमध्ये सूज स्पष्ट दिसत असताना त्यावर पैसे खर्चू नयेत.

क्लेब्सिएलाची कथा जास्त जुनी आणि जास्त रंजक आहे. १९७० च्या दशकात लंडनमध्ये एब्रिंगर यांनी अशी मांडणी केली की या जंतूचा काही भाग बी२७ सारखा दिसतो, म्हणून जंतूविरुद्धच्या अँटिबॉडी चुकून स्वतःच्याच पेशींवर जातात. पुढे १९८७ मध्ये क्लेब्सिएलाच्या एका विकरात आणि बी२७ मध्ये सहा अमिनो आम्लांचा सलग तुकडा सारखा असल्याचेही दाखवले गेले. कल्पना सुंदर होती. परंतु रुग्णांत या अँटिबॉडी अधिक असल्याचे निष्कर्ष सगळ्यांना सारखे मिळाले नाहीत, क्लेब्सिएला मारणाऱ्या प्रतिजैविकांनी आजार बरा झाला नाही, आणि पिष्टमय पदार्थ सोडण्याच्या आहारामागे भक्कम चाचण्यांचे पाठबळ नाही. आतड्यांचा या आजाराशी संबंध नाही असे मी म्हणत नाही. तो आहेच, अनेक रुग्णांच्या आतड्याच्या अस्तरात लक्षणांशिवायचा सूक्ष्म दाह सापडतो, आणि क्रोन्ससारखा आतड्यांच्या दाहाचा आजार याच कुटुंबात बसतो. म्हणूनच ज्याला आतड्याचा दाह आहे त्याला सेक्युकिनुमॅब देत नाहीत. पण तेवढ्यावरून भात बंद करण्यापर्यंत उडी मारता येत नाही. मेहुण्यांचे वजन उतरून बरे वाटत असेल तर उत्तम, फक्त भात सोडला म्हणून औषध आणि व्यायाम सोडू नयेत. त्यांच्या पोटात वारंवार दुखत असेल, जुलाब किंवा शौचातून रक्त जात असेल, तर ती माहिती आहारतज्ज्ञाला नव्हे, डॉक्टरांना द्यायची आहे.

पावसाळी, फॅमिली डॉक्टरांशी वाद घालू नका. आमच्या पिढीला आरए फॅक्टर हीच संधिवाताची तपासणी म्हणून शिकवली गेली होती. संधिवाततज्ज्ञांना त्यांच्या नावे दोन ओळींचे पत्र मागा, त्यात एमआरआयचा निष्कर्ष लिहिलेला असू द्या. २००९ च्या आंतरराष्ट्रीय निकषांप्रमाणे, पंचेचाळिशीच्या आत सुरू झालेली आणि तीन महिन्यांहून जास्त टिकलेली कंबरदुखी, एमआरआयवर एसआय सांध्याचा दाह आणि या कुटुंबाचे आणखी एक लक्षण एवढे वर्गीकरणाला पुरते. तुमच्या भावाकडे बी२७, डोळ्याचा दाह आणि वाढलेली सीआरपी अशी तीन लक्षणे आहेत. त्या यादीत कोणत्याही ऑटोअँटिबॉडीचे नाव नाही.

पावसाळी, मुलुंड

आपल्या सर्वांचे मनापासून आभार. आईला सगळे वाचून दाखवले. ल्युपसचा विषय घरात संपला आहे, आणि काकूंना कोण सांगणार यावर आता चर्चा सुरू आहे. संधिवाततज्ज्ञांकडे पुढच्या वेळी जाऊ तेव्हा पत्र मागणार आहे. आणखी एकच विचारते. बी२७ आईवडिलांकडून येतो असे सूक्ष्मदर्शी यांनी लिहिले आहे. मी मोठी बहीण आहे, वय ३३, आणि मला एक चार वर्षांची मुलगी आहे. माझी कंबर दुखत नाही. तरी मी आणि मुलीने ही तपासणी करून घ्यावी का? प्रयोगशाळेतून ‘कुटुंबासाठी सवलत’ असा फोन आला होता.

सूक्ष्मदर्शी, दादर

आमच्याच व्यवसायातला फोन असला तरी त्याला नाही म्हणा. भावाला बी२७ एका पालकाकडून आला असे धरले, तर तुमच्यात तो असण्याची शक्यता निम्मी आहे. असला तरी त्याचा अर्थ आजार असा होत नाही. बी२७ असलेल्या सर्वसाधारण माणसांपैकी फार थोड्यांना, साधारण शंभरात पाच किंवा त्याहून कमी जणांना, हा आजार होतो. रुग्णाच्या सख्ख्या भावंडांत बी२७ असेल तर ते प्रमाण पाचांत एकाच्या आसपास जाते, म्हणजे तिथेही बहुसंख्य निरोगीच राहतात. आजार रोखण्याचा कोणताही उपाय आज आपल्याकडे नाही, त्यामुळे लक्षणे नसलेल्या माणसाला हा निकाल कळून चिंतेशिवाय काही हाती लागत नाही. चार वर्षांच्या मुलीची तपासणी तर मुळीच नको.

लक्षात ठेवायची ती लक्षणे. तुम्हाला, किंवा मुलगी मोठी झाल्यावर तिला, तीन महिन्यांहून जास्त काळ पहाटे वाढणारी आणि हालचालीने कमी होणारी कंबरदुखी झाली, टाचेत सकाळी उतरताना कळ येत राहिली, एखादे बोट अख्खे सुजले, किंवा डोळा लाल होऊन उजेड टोचू लागला, तर कुटुंबात हा आजार आहे हे डॉक्टरांना पहिल्याच भेटीत सांगा. त्या वेळी बी२७ करण्याला अर्थ असेल. फ्लो सायटोमेट्रीने निकाल सीमेवर आला तर पीसीआरने (थेट जनुक तपासणाऱ्या पद्धतीने) खात्री करून घ्या, कारण एचएलए-बी७ हा जवळचा प्रकार त्या पद्धतीला कधी कधी चकवतो. भावाचा अहवाल कोणत्या पद्धतीने झाला आहे ते कागदाच्या तळाशी लिहिलेले असेल; एमआरआय इतका बोलका असताना त्याचा पुन्हा पीसीआर करण्याची गरज नाही.